दोन मंडया, एक नाव : करदात्यांच्या संतापाची एक जुनी गोष्ट

१/
मुंबईत ज्याला सारे जग ‘क्रॉफर्ड मार्केट’ म्हणते, त्या इमारतीचे आजचे अधिकृत नाव ‘महात्मा जोतिबा फुले मंडई’ असे आहे. पुण्यात शुक्रवार पेठेत काळ्या दगडाची जी अष्टकोनी मंडई उभी आहे, तिचेही नाव ‘महात्मा फुले मंडई’. पूर्वी ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाई. दोन शहरे, दोन मंडया आणि नाव एकच.

२/
या दोन्ही इमारती नगरपालिकांच्या पैशातून उभ्या राहिल्या आणि दोन्हींच्या काळात एकच प्रश्न विचारला गेला : आमच्या करातून हे कशासाठी? मुंबईत या प्रश्नाने शहराची राज्यघटनाच बदलून टाकली. पुण्यात हा प्रश्न विचारणारा माणूस अल्पमतात राहिला आणि पुढे त्याचेच नाव त्या इमारतीला मिळाले. त्या माणसाचे नाव जोतीराव फुले.

३/
गोष्ट सुरू होते मुंबईच्या सोन्याच्या धुरापासून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस इंग्लंडला पोहोचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे धाव घेतली. चार-पाच वर्षांत मुंबईत ८ कोटी पौंडांच्या आसपास संपत्ती ओतली गेली. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखोंचे व्यवहार होऊ लागले.

४/
एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करल्याची वार्ता आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणे चुकते करणारे फार थोडे उरले. कालचे लक्षाधीश दिवाळखोरीच्या अर्जांवर सह्या करू लागले. घरांची भाडी आणि जमिनींच्या किमती झपाट्याने उतरल्या. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली होती; १८७२ साली ती ६,४४,४०५ इतकी खाली आली.

५/
याच १८६५ साली मुंबईला नवा म्युनिसिपल कायदा मिळाला. शहराचा कारभार ‘जस्टिसेस ऑफ द पीस’ म्हणजे सरकारने तहहयात नेमलेल्या प्रतिष्ठित गृहस्थांच्या मंडळाकडे आला. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे सर्वाधिकार मात्र सरकारने नेमलेल्या एकाच म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिले गेले. त्या जागी पहिली नेमणूक झाली आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांची.

६/
म्हणजे स्थिती अशी : शहर कंगाल होत चालले होते आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या तिजोरीची किल्ली एका उत्साही, कर्तबगार आणि हात सैल असलेल्या अधिकाऱ्याकडे आली. पुढच्या सहा वर्षांच्या संघर्षाचे बीज या योगायोगात आहे.

७/
क्रॉफर्ड यांना निव्वळ उधळ्या म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे ठरेल. त्यांच्या हाती आलेली मुंबई घाणीने ग्रासलेली होती. उघडी गटारे, साचलेली डबकी, वस्तीतच चालणारे कत्तलखाने, दर वर्षी येणारी पटकी. क्रॉफर्ड यांनी आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांना हाताशी धरून सफाईचे खाते उभे केले. कत्तलखाने वांद्र्याला हलवले, रस्ते रुंद केले, गटारांची कामे काढली. शहराचे आरोग्य सुधारले, हे त्यांच्या विरोधकांनाही नाकारता आले नाही.

८/
या कामांचा मुकुटमणी म्हणजे नवी मंडई. पाडून टाकलेल्या किल्ल्याच्या तटाबाहेर, हॉर्नबी रोडच्या उत्तर टोकाला, विल्यम इमर्सन यांच्या आराखड्यानुसार ती १८६९ साली पुरी झाली. १२८ फूट उंचीचा घड्याळाचा मनोरा, लोखंडी छताची दालने आणि पायाखाली थेट स्कॉटलंडमधील केथनेसहून आणलेल्या फरशा. प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. शेतात राबणारे कष्टकरी त्या शिल्पांत दिसतात. मंडईतले कारंजे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभे राहिले.

९/
मंडई सुंदर होती. स्वच्छ होती. उपयोगी तर नक्कीच होती. मग लोक का चिडले? याचे उत्तर मंडईच्या दगडांत नाही, तर हिशेबाच्या वह्यांत आहे.

१०/
त्या काळचा मुंबईकर घरपट्टी भरत असे. दिवाबत्तीचा कर वेगळा, पाण्याचा वेगळा. गाडी असेल तर चाकपट्टी. मैला वाहून नेणाऱ्यांसाठी हलालखोर कर. पोलिसांचा खर्चही शहराच्या माथी असल्याने पोलीस कर. वर शहरात येणाऱ्या मालावर जकात. तेजीच्या दिवसांत हे ओझे जाणवले नाही. पण भाडे उतरले, भाडेकरू गावी निघून गेले, व्यापार बसला, तेव्हा हीच करपत्रिका घरमालकाच्या गळ्याला फास वाटू लागली.

११/
आणि खर्च? अंदाजपत्रकात एक आकडा मंजूर व्हायचा, काम दुसऱ्याच आकड्याचे निघायचे. मंजुरीआधीच कंत्राटे दिली जात. पैसे खर्च झाल्यावर जस्टिसांपुढे कागद येत. जस्टिसांची संख्या मोठी, सभा क्वचित, आणि अनेक सभासद सभेला फिरकतही नसत. कायद्याने नियंत्रण त्यांच्याकडे होते. प्रत्यक्षात ते कोणाकडेच नव्हते. अखेर म्युनिसिपालिटीला सरकारकडे कर्जासाठी हात पसरावे लागले, तेव्हा साऱ्या शहराचे डोळे उघडले.

१२/
येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८७१ सालचा मुख्य आक्षेप लाचखोरीचा नव्हता. आक्षेप असा होता की, विचारल्याशिवाय खर्च होतो आणि विचारणारा कोणी उरलेला नाही. घर चालवणाऱ्या माणसाला हे चटकन कळते. मुलाने चांगली वस्तू आणली म्हणून आनंद होतो; पण ती उधारीवर आणि न सांगता आणली असेल, तर वस्तूचा चांगुलपणा भांडण थांबवू शकत नाही.

१३/
करदात्यांच्या चळवळीत दोन नावे ठळक आहेत. एक जेम्स फोर्ब्स, व्यापारी आणि जस्टिस. दुसरे नवरोजी फर्दुनजी, दादाभाई नौरोजींच्या आधीच्या पिढीतले सुधारक, ज्यांना लोक ‘जनतेचा कैवारी’ मानत. १८७१ च्या जूनअखेरीस टाऊन हॉलमध्ये जस्टिसांची सभा भरली. फोर्ब्स यांनी कारभारावर टीकेची झोड उठवली आणि खर्चावर अंकुश ठेवणारे नगरमंडळ नेमावे, अशी मागणी मांडली. सभागृहाबाहेर करदात्यांची गर्दी उसळली होती. म्युनिसिपल अंदाजपत्रकासाठी रस्त्यावर गर्दी जमावी, हे मुंबईने तोवर फारसे पाहिले नव्हते.

१४/
त्याच वर्षी क्रॉफर्ड यांना पायउतार व्हावे लागले. लोकांना जय मिळाल्यासारखे वाटले. पण शहराचा खरा प्रश्न आता कुठे सुरू होत होता : क्रॉफर्ड गेले, पुढे काय?

१५/
नोव्हेंबर १८७१. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात २६ वर्षांचा एक बॅरिस्टर निबंध वाचायला उभा राहिला. तीन वर्षांपूर्वीच तो विलायतेहून परतला होता. नाव फिरोजशहा मेहता. श्रोते क्रॉफर्डविरोधाने पेटलेले होते आणि या तरुणाने आरंभीच क्रॉफर्ड यांनी शहरासाठी केलेल्या कामाची बाजू घेतली. सभेला ते मुळीच रुचले नाही.

१६/
फिरोजशहांचा युक्तिवाद मात्र नीट ऐकण्याजोगा होता. त्यांचे म्हणणे असे : दोष एका माणसाचा नाही, रचनेचा आहे. ज्या जस्टिसांनी लक्ष ठेवायचे, ते सरकारने नेमलेले; त्यांना ना लोकांना उत्तर द्यायचे, ना पुन्हा निवडून यायचे. कमिशनरचे हात बांधून त्याच्या डोक्यावर आणखी एक समिती बसवली, तर कामही बुडेल आणि जबाबदारीही विखुरली जाईल. कामाची सत्ता एकाच अधिकाऱ्याकडे राहू द्या. पण त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली असू द्या.

१७/
हिंदी लोक निवडणुकीला लायक नाहीत, हा त्या काळचा ठरलेला आक्षेप. त्यालाही त्यांनी उत्तर दिले : ज्या देशात गावोगावी पंचायती शतकानुशतके चालत आल्या, त्या देशाला स्वतःचा कारभार पाहणे परके नाही. संतापलेल्या सभेपुढे संतापाची कड न घेता संतापाचे कारण समजावून सांगणे, हे धाडस होते. निबंध त्या दिवशी लोकप्रिय झाला नाही. पण पुढील काळ त्याच दिशेने गेला.

१८/
१८७२ साली नवा कायदा आला. ६४ सभासदांची महापालिका स्थापन झाली. त्यांतील निम्मे, म्हणजे ३२, करदात्यांनी निवडायचे होते. १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे होते. खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी १२ जणांचे नगरमंडळ आले. हिशेब तपासण्याची व्यवस्था कडक झाली. कमिशनर राहिला, पण आता त्याच्यासमोर प्रश्न विचारणारी बाके होती. १८७३ साली पहिल्या निवडणुका झाल्या. हिंदुस्थानात लोकनियुक्त स्थानिक राज्यकारभाराच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक.

१९/
पुढे १८८८ सालच्या कायद्याने सभासदसंख्या ७२ झाली आणि नगरमंडळाच्या जागी स्थायी समिती आली. त्या कायद्याला आकार देण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही मुंबईची त्रिसूत्री तेथून आली. मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही, अनेक दुरुस्त्यांसह, त्याच १८८८ च्या कायद्यावर चालतो. एका मंडईच्या आणि काही गटारांच्या बिलांवरून उठलेला राग एवढ्या दूर पोहोचला.

२०/
गोष्ट येथे संपली असती, तर ती करदात्यांच्या विजयाची सरळ कथा ठरली असती. पण तिच्यात एक मोठी फट आहे. १८७२ च्या कायद्याने मत कोणाला दिले? वर्षाला निदान ५० रुपये म्युनिसिपल कर भरणाऱ्याला. साडेसहा लाखांच्या शहरात असे लोक काही हजारच होते. चाळीत दाटीने राहणारा गिरणी कामगार, बंदरावरचा हमाल, डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी माळीण यांपैकी कोणालाही मत नव्हते.

२१/
पण कर तर तेही भरत होते. घरमालक घरपट्टी भाड्यात वसूल करी. व्यापारी जकात धान्याच्या दरात मिळवी. जो प्रत्यक्ष पावती फाडतो तोच करदाता, ही व्याख्या सोयीची होती, खरी नव्हती. ही फट ज्याने स्पष्ट पाहिली, तो माणूस पुण्याच्या म्युनिसिपालिटीत बसला होता.

२२/
जोतीराव फुले १८७६ साली पुणे म्युनिसिपालिटीचे सरकारनियुक्त सभासद झाले. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. मुलींची शाळा, अस्पृश्यांच्या शाळा, घरचा हौद सर्वांना खुला करणे, सत्यशोधक समाजाची स्थापना, हे सारे त्यांच्या मागे होते. सभासदत्वाच्या आरंभालाच दख्खनवर १८७६-७८ चा भीषण दुष्काळ कोसळला. सत्यशोधक समाजाने धनकवडीला निराधार मुलांसाठी अन्नछत्र उघडले. म्युनिसिपालिटीच्या अंदाजपत्रकाकडे फुले ज्या नजरेने पाहत, ती नजर उपाशी मुले पाहून आलेली होती.

२३/
शिवाय ते व्यवहार न जाणणारे स्वप्नाळू गृहस्थ नव्हते. घराण्याचा व्यवसाय फुलांचा आणि भाजीपाल्याचा. ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत. दगड काय भावाने येतो, मजुरी किती पडते आणि बिलात ती किती दाखवली जाते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. म्युनिसिपालिटीतल्या खर्चावर बोलण्याचा त्यांच्याइतका अधिकार त्या सभेत क्वचितच कोणाला असेल.

२४/
१८८० च्या सुमारास गव्हर्नर जनरलच्या पुणेभेटीचा प्रसंग आला. स्वागतासाठी १००० रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी मांडला. सारे सभासद सरकारनियुक्त. नकार देणार कोण? फुल्यांनी दिला. हा पैसा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सुचवले. ३२ सभासदांत विरोधी मत एकच पडले.

२५/
त्याच काळात शहरात दारूच्या दुकानांना सर्रास परवाने मिळू लागले होते. फुल्यांनी त्याविरुद्धही म्युनिसिपालिटीला पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्यासाठी एका हाताने पैसा खर्च करायचा आणि दुसरीकडे लोकांचे आरोग्य व संसार बुडवणारी दुकाने वाढताना पाहत बसायचे, ही विसंगती त्यांना सहन होईना. नगरपालिकेचा खर्च त्यांच्या लेखी केवळ आकड्यांचा खेळ नव्हता. त्यातून कोणाचे घर उभे राहते आणि कोणाचे बसते, हा त्यांचा प्रश्न होता.

२६/
आणि मग आली मंडई. तोवर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भरत असे. चिखल, ऊन, जनावरे आणि गलका. मुंबईप्रमाणे पुण्यालाही देखणी, छताखालची मंडई हवी, असे म्युनिसिपालिटीने ठरवले. खर्चाचा अंदाज सुमारे ३ लाख रुपये. फुले आणि त्यांचे सहकारी हरि रावजी चिपळूणकर यांनी प्रस्तावाला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत घालण्याऐवजी गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणावर घाला, ही फुल्यांची भूमिका होती.

२७/
हा विरोध विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. माळी समाजातला, भाजीपाल्याच्या व्यवसायात वाढलेला माणूस मंडईलाच नाही म्हणतो? पण त्यामागचे गणित पाहावे. त्या काळच्या इलाख्यातील बहुतेक म्युनिसिपालिट्यांप्रमाणे पुण्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात होता. शहराच्या नाक्यावर धान्य, तूप, गूळ, सरपण अडवून ती घेतली जाई. श्रीमंताच्या घरी जेवढे मीठ-भाकरीचे पोट, तेवढेच गरिबाच्या घरी. म्हणून मिळकतीच्या मानाने जकातीचा भार गरिबावर अधिक पडे.

२८/
म्हणजे कुणब्याच्या आणि मजुराच्या घासातून गोळा झालेला पैसा मनोरे उभारण्यात जाणार आणि त्याच कुणब्याचे पोर अक्षरशत्रू राहणार. वर मंडईतल्या गाळ्याचे भाडे द्यायचे ते वेगळेच. फुल्यांचा आक्षेप छताला नव्हता. आधी काय आणि नंतर काय, या क्रमाला होता.

२९/
१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात हाच विचार देशव्यापी रूपात आढळतो. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो. पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होते. म्हणून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी पुऱ्या झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही करांच्या अनेक वाटांनी नागवला जाणारा शेतकरीच केंद्रस्थानी आहे.

३०/
पुण्याच्या सभेत मात्र बहुमत मंडईच्या बाजूचे होते. बांधकाम झाले. आराखडा कर्नल वॉल्टर डुकाट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्यापासून फुटलेले लांब पंख. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. तोवर फुल्यांचे सभासदत्व संपले होते.

३१/
१८८८ च्या मार्च महिन्यात याच हरि रावजी चिपळूणकरांनी व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. निमंत्रित दागदागिन्यांनी मढून आले होते. फुले तेथे शेतकऱ्याच्या वेषात, मळकट पागोट्यानिशी आले आणि त्यांनी राजपुत्राला सुनावले की, येथे जमलेली ही झगमग म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा देश पाहायचा तर खेड्यांत जा. सभागृहात एकट्याने मत देणारा माणूस मेजवानीतही एकटाच उभा राहिला. दोन्हीकडे त्याचा मुद्दा एकच होता.

३२/
त्याच १८८८ साली आर्थर क्रॉफर्ड हे नाव पुन्हा गाजले. महसूल खात्यात कमिशनर असताना त्यांच्यावर हाताखालच्या लोकांकडून पैसे घेतल्याचे आरोप झाले. चौकशी आयोग बसला. लाच सिद्ध झाली नाही, पण आपल्याच अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याचे ठपके राहिले आणि त्यांची नोकरी गेली. त्या प्रकरणात अडकलेल्या मामलेदारांची बाजू घेऊन तरुण टिळक पुढे आले. मुंबईतील मंडईच्या नावामुळे क्रॉफर्ड मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले.

३३/
मग कोण बरोबर आणि कोण चूक? काळाने दिलेले उत्तर गुंतागुंतीचे आहे. क्रॉफर्ड मार्केटने मुंबईची भूक दीडशे वर्षे भागवली. पुण्याची मंडई केवळ भाजी विकण्याची जागा राहिली नाही. सभा, चर्चा आणि चळवळी तेथे रंगल्या. पुणेकर कौतुकाने तिला ‘मंडई विद्यापीठ’ म्हणू लागले. लोकमान्यांचा पुतळा तेथेच उभा राहिला. इमारती वाया गेल्या, असे कोणी म्हणू शकणार नाही.

३४/
पण इमारत उपयोगी ठरली, म्हणून तिच्यावर घेतलेला आक्षेप खोटा ठरत नाही. शहर मंडई बांधत असताना ज्या मुलांना शाळा मिळाली नाही, ती मुले पुढे कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत. बांधलेली वास्तू डोळ्यांना दिसते. न उघडलेली शाळा दिसत नाही. सार्वजनिक खर्चाच्या प्रत्येक वादात हीच मोठी अडचण असते आणि फुल्यांनी बोट ठेवले ते नेमके तेथेच.

३५/
मुंबई आणि पुणे, या दोन प्रसंगांतील फरकही पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या करदात्याने विचारले : माझे पैसे मला न विचारता का खर्च केलेत? फिरोजशहांनी विचारले : विचारण्याचा हक्क कायद्यात कसा बसवायचा? फुल्यांनी विचारले : ज्याला विचारण्याचा हक्कच नाही, त्याच्या वतीने कोण विचारणार? पहिल्या प्रश्नातून क्रॉफर्ड गेले, दुसऱ्यातून महापालिका जन्मली. तिसऱ्या प्रश्नाला त्या काळात उत्तर मिळाले नाही. प्रौढ मताधिकार येण्यासाठी पुढे अनेक दशके जावी लागली.

३६/
१९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे पुणे म्युनिसिपालिटीत असताना रे मार्केटचे नामांतर ‘महात्मा फुले मंडई’ असे झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही फुल्यांचेच नाव देण्यात आले. ज्या वास्तूला त्यांनी सभेत विरोध केला, तिच्याच कपाळावर त्यांचे नाव कोरले गेले. यात उपरोध आहे, तसा एक न्यायही आहे. गव्हर्नरचे आणि कमिशनरचे नाव मागे सरले आणि त्या जागी हिशेब विचारणाऱ्याचे नाव आले.

३७/
गावातला नवा चौक, बाग, सभागृह किंवा कमान पाहून आजही एखादा रहिवासी चिडून म्हणतो, ‘आमच्या कराच्या पैशात हेच करायचे होते का?’ असा प्रश्न विचारणारा त्रासदायक ठरवला जातो, विकासाचा विरोधक म्हटला जातो. १८७१ सालच्या टाऊन हॉलबाहेरची गर्दीही त्रासदायकच होती. पुण्याच्या सभेतले ते एकटे मतही त्रासदायकच होते. त्या गर्दीतून मुंबईला महापालिका मिळाली. त्या एका मताचा मुद्दा, म्हणजे आधी शाळा की आधी मनोरा, प्रत्येक अंदाजपत्रकापुढे आजही तसाच उभा आहे.

३८/
कधी मंडईत भाजी घ्यायला जाणे झालेच, तर क्षणभर वर पाहावे. मुंबईत प्रवेशद्वारावरच्या शिल्पांत राबणारी माणसे दिसतील. पुण्यात अष्टकोनी मनोरा दिसेल. दोन्हीकडे पाटीवर एकच नाव असेल. ते नाव इमारत बांधणाऱ्याचे नाही. ती बांधण्याआधी ‘कोणाच्या पैशातून आणि कोणासाठी?’ असे विचारणाऱ्याचे आहे.

(समाप्त)